लहान शिकारीच्या रायफलीवरील स्कोपची निवड : गोंडपिपरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

रायफलीवर बसविण्याची दुर्बीण बाजारात 'स्कोप' या नावाने ओळखली जाते. ससा, खार, तितर यांसारख्या लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या रायफलीवरील स्कोपचे एक स्वतंत्र शास्त्र पाश्चात्त्य देशांत विकसित झाले आहे. भारतात अशी शिकार कायद्याने बंद आहे. तथापि कमी अंतर, मंद प्रकाश, दाट झाडी आणि लहान लक्ष्य या ज्या परिस्थितीसाठी ते शास्त्र घडले, ती परिस्थिती चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वन्यप्राणी बेशुद्ध करणाऱ्या पथकापुढे आणि पीकसंरक्षणाची रीतसर परवानगी मिळालेल्या व्यक्तीपुढे आजही उभी राहते. प्रस्तुत लेखात स्कोपच्या निवडीमागील प्रकाशशास्त्रीय तत्त्वे साध्या गणिताच्या आधारे स्पष्ट केली असून, निवडीचा आरंभ सर्वाधिक विशालनापासून न करता सर्वांत कमी अंतर, सर्वांत मंद प्रकाश आणि लक्ष्याची निःसंदिग्ध ओळख यांपासून करावा, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्कोप, विशालन, दृष्टिक्षेत्र, निर्गम वर्तुळ, पराशय, डार्ट बंदूक, मानव-वन्यजीव संघर्ष, गोंडपिपरी.

१. प्रस्तावना

वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या दरम्यान, त्यांच्या संगमातून प्राणहिता जन्म घेते त्या प्रदेशाच्या वरच्या अंगाला गोंडपिपरी तालुका वसला आहे. साग, बांबू आणि मिश्र पानझडी वृक्षांचे जंगल, त्याला लागून धान, कापूस व सोयाबीनची शेते आणि शेतांना लागून गावे अशी येथील रचना आहे. जंगल आणि शेत यांच्यामध्ये बहुधा एका धुऱ्याचेच अंतर असते. रानडुक्कर रात्री शेतात येते, त्याच्या मागावर बिबट किंवा वाघ येतो आणि पहाटे त्याच वाटेने माणूस मोहफुले वेचण्यासाठी जंगलात जातो. २०२१ मध्ये याच पट्ट्यातील कन्हाळगावच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाल्यानंतर संरक्षणाचे क्षेत्र वाढले. त्याचबरोबर सीमेवरील गावांचे प्रश्नही अधिक ठळक झाले.

अशा प्रदेशात रायफलीवरील स्कोपचा विचार करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. शिकार बंद असताना शिकारीच्या उपकरणाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, उपकरणाचा मूळ हेतू संपला तरी त्यामागील तत्त्वे संपत नाहीत. बेशुद्धीचे औषध भरलेला डार्ट वाघाच्या मांडीत बसतो की पोटात, अंधूक प्रकाशात हललेली आकृती रानडुकराची आहे की वाकलेल्या माणसाची, हे प्रश्न शेवटी भिंगांच्या, अंतराच्या आणि प्रकाशाच्या गणिताशी येऊन थांबतात.

२. कायद्याची चौकट

चांदा जिल्ह्याचे जंगल ब्रिटिश काळात शिकारीसाठी प्रसिद्ध होते. ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली आणि १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. देशपातळीवर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा निर्णायक टप्पा ठरला. मात्र या अधिनियमाच्या मूळ स्वरूपात शिकारीचे परवाने पूर्णतः रद्द झालेले नव्हते. विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार असे परवान्यांचे वर्ग त्यात होते व त्यानुसार प्राण्यांच्या अनुसूची केलेल्या होत्या. 'लहान शिकार' ही संज्ञा अशा प्रकारे एके काळी केवळ बोलीतली नव्हती, ती कायद्यातलीही होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने संपुष्टात आले. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि अनुसूचींची संख्या कमी करण्यात आली. परंतु शिकारबंदीचे मूळ तत्त्व कायम राहिले.

त्यामुळे आज गोंडपिपरी परिसरात ससा किंवा तितर मारणे हा गुन्हा आहे. तो .२२ रायफलीने मारला, एअरगनने मारला की फासे लावून पकडला, याने गुन्ह्याच्या स्वरूपात फरक पडत नाही. एखाद्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नसेल, तरी त्यामुळे तिने शिकार करण्याची मुभा मिळत नाही, हा मुद्दा ग्रामीण भागातील तरुणांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

तथापि अधिनियमाच्या कलम ११ मध्ये काही अपवाद आहेत. पहिल्या अनुसूचीतील वाघासारखा प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. परंतु त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही याची खात्री झाल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. म्हणजेच कायद्याने डार्ट बंदुकीला गोळीच्या आधीचे स्थान दिले आहे. दुसऱ्या बाजूस, उभ्या पिकासह मालमत्तेचे नुकसान करणाऱ्या रानडुक्कर व रोही यांच्याबाबत परवानगीची तरतूद असून, महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये त्यासंबंधीची कार्यपद्धती ठरवून दिली. ही परवानगी अटींनी बांधलेली आहे आणि ती वादातीतही नाही. जून २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील रानडुकरांच्या हत्येचा उल्लेख होऊन केंद्रीय मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांमधील मतभेद जाहीरपणे पुढे आले होते.

थोडक्यात, कायद्याच्या कक्षेत स्कोपचे तीन उपयोग उरतात : नेमबाजीच्या मैदानावरील सराव, वन विभागाच्या पथकाची डार्ट बंदूक आणि परवानगीप्राप्त पीकसंरक्षण. यापुढील विवेचन या तिन्हींना उद्देशून आहे.

३. स्कोप काय करतो आणि काय करीत नाही

साध्या बंदुकीवर नळीच्या टोकाला माशी आणि मागील बाजूस खाच असते. महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्र सेनेच्या विद्यार्थ्यांनी .२२ रायफलीने सराव करताना हीच व्यवस्था वापरलेली असते. येथे डोळ्याला खाच, माशी आणि लक्ष्य या तीन निरनिराळ्या अंतरांवरील वस्तू एकाच वेळी स्पष्ट पाहाव्या लागतात, आणि ते डोळ्याला शक्य नसते. स्कोपमध्ये वस्तुभिंगाने तयार केलेली लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली एकाच प्रतलात येतात. त्यामुळे डोळ्याला एकाच ठिकाणी पाहावे लागते. स्कोपचा पहिला आणि खरा लाभ हा आहे. विशालन हा त्यानंतरचा लाभ होय.

स्कोप बंदुकीची शक्ती वाढवीत नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. .२२ रायफल ही कागदी लक्ष्यासाठी व अत्यंत लहान प्राण्यांसाठी घडविलेली आहे. तिच्यावर कितीही महाग स्कोप बसविला तरी ती रानडुकरासाठी योग्य ठरत नाही. उलट जखमी जनावर झाडीत निसटते, यातना भोगते आणि पुढे भेटणाऱ्या माणसावर चालून जाते. दूरचे जवळ दिसू लागल्याने ते आपल्या आवाक्यातही आले, असा जो भास होतो, तो स्कोपचा सर्वांत मोठा धोका मानावा लागेल.

४. अंतराचे गणित

नळीतून सुटलेली कोणतीही वस्तू सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. स्कोपमधून जाणारी दृष्टिरेषा मात्र सरळ असते. या दोन रेषा एका ठरावीक अंतरावर मिळतील अशी जुळणी करणे म्हणजे नेम जुळविणे होय. त्या अंतराच्या अलीकडे किंवा पलीकडे लक्ष्य असेल तर चूक संभवते. ही चूक किती असेल हे वस्तूच्या वेगावर अवलंबून असते.

हवेचा रोध क्षणभर बाजूला ठेवून दोन उदाहरणे घेता येतील. .२२ ची साधी गोळी सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने जाते. तिचा नेम ५० मीटरवर जुळविला असून लक्ष्य प्रत्यक्षात ५५ मीटरवर असेल, तर गोळी सुमारे १ सेंटिमीटर खाली लागेल. याउलट डार्टचा वेग सेकंदाला ६० मीटर धरला, नेम ३० मीटरवर जुळविला आणि लक्ष्य ३५ मीटरवर असेल, तर डार्ट जवळजवळ २४ सेंटिमीटर खाली जाईल. लक्ष्य २५ मीटरवर असेल तर तो सुमारे १७ सेंटिमीटर वर जाईल. अंतराच्या अंदाजातील पाच मीटरांची तीच चूक गोळीच्या बाबतीत क्षुल्लक, तर डार्टच्या बाबतीत घातक ठरते. मांडीच्या जाड स्नायूवर धरलेला नेम २४ सेंटिमीटर ढळला तर डार्ट सांध्यावर, हाडावर किंवा पायांमधून मोकळ्या जागेत जातो. सुई स्नायूत न शिरता चरबीत किंवा त्वचेखाली राहिली तर औषध उशिरा लागू होते, आणि अर्धवट गुंगीतील वाघ कोठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच डार्ट बंदुकीत सामान्यतः अंतरानुसार वायूचा दाब बदलण्याची सोय असते. नेम तोच ठेवून दाब कमी-अधिक केला जातो. या व्यवस्थेत अंतर अचूक ठाऊक असणे ही पहिली अट ठरते. लेझरच्या साहाय्याने अंतर मोजणारे उपकरण यासाठी उपयुक्त असले, तरी बांबूच्या बेटात त्याचा किरण मधल्याच काडीवरून परतू शकतो व वाघाऐवजी बांबूचे अंतर दाखवितो. दोन-तीन वेळा मोजून जुळणारे अंतर घेणे, हाच त्यावरील साधा उपाय आहे. ज्या पथकाकडे मर्यादित निधी आहे, त्याने अधिक विशालनाच्या स्कोपऐवजी चांगल्या अंतरमापकाला प्राधान्य द्यावे, हे वरील गणितावरून स्पष्ट होते.

५. विशालन, दृष्टिक्षेत्र आणि प्रकाश

स्कोपवर ४×३२ किंवा ३-९×४० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा विशालनाचा, म्हणजे प्रतिमा किती पट जवळ भासते याचा. दुसरा आकडा वस्तुभिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा. विशालन वाढले की एकाच वेळी दोन गोष्टी घटतात : दिसणाऱ्या प्रदेशाची रुंदी, म्हणजे दृष्टिक्षेत्र, आणि डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी. या शलाकेच्या व्यासाला येथे निर्गम वर्तुळ म्हटले आहे. वस्तुभिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले की ते मिळते. सर्वसाधारण रचनेच्या स्कोपबाबत अंदाजे मूल्ये पुढीलप्रमाणे असतात.

तक्ता क्र. १ : विशालन, निर्गम वर्तुळ आणि ३० मीटरवरील दृष्टिक्षेत्र (अंदाजे)

| स्कोप | निर्गम वर्तुळ (मि.मी.) | ३० मीटरवर दिसणारी रुंदी (मीटर) |
|---|---|---|
| २×३२ | १६.० | ४.२ |
| ४×३२ | ८.० | ३.० |
| ७×३२ | ४.६ | १.४ |
| ९×४० | ४.४ | १.२५ |
| १२×४० | ३.३ | ०.९ |

वाघाच्या शरीराची लांबी शेपटी वगळता पावणेदोन ते दोन मीटरपर्यंत असते. तक्त्यावरून दिसते की ३० मीटरवर ९ पट विशालनातून आडवा उभा असलेला वाघ पूर्ण दिसतच नाही. दिसतो तो पट्ट्यांचा एक तुकडा. तो खांद्याचा आहे की मांडीचा, हे ठरविण्यात मौल्यवान क्षण जातात. जनावर दोन पावले सरकले तर ते दृष्टिक्षेत्राबाहेर जाते आणि नेमबाजाला ते पुन्हा शोधावे लागते. विशालनाबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो, हेही विसरता येत नाही. २ ते ४ पटींमध्ये मात्र संपूर्ण जनावर, त्याच्या भोवतालची झाडी आणि मागे कोणी उभे आहे काय, हे एकाच दृष्टीत येते.

प्रकाशाचा विचारही याच दिशेने नेतो. माणसाच्या डोळ्यातील बाहुली भर उन्हात २ ते ३ मिलिमीटर असते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, तर वाढत्या वयात ती ५ मिलिमीटरच्या आसपास अडते. संध्याकाळी उघडलेल्या बाहुलीत १२×४० स्कोपमधून केवळ ३.३ मिलिमीटर जाडीची शलाका शिरते. म्हणजे बाहुलीचा मोठा भाग रिकामाच राहतो व प्रतिमा काळवंडते. ४×३२ मध्ये ही शलाका बाहुलीपेक्षा मोठी असते. शिवाय डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी प्रतिमा नाहीशी होत नाही. येथे असा आक्षेप घेतला जातो की, विशालन वाढल्याने अंधुक प्रकाशातही तपशील अधिक दिसतो. विशालन आणि वस्तुभिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून मिळणारा 'संधिप्रकाश अंक' याच कारणाने जाहिरातींत दिला जातो. ४×३२ साठी तो ११.३ आणि ९×४० साठी १९ येतो. परंतु या अंकात भिंगांची गुणवत्ता, हाताचा कंप आणि दृष्टिक्षेत्र यांपैकी काहीच येत नाही. टेकून, स्थिर लक्ष्याकडे, लांबवर पाहताना तो अंक काही सांगतो. झाडीत तीस मीटरवर हलणाऱ्या जनावराबाबत त्याचा उपयोग अल्प आहे.

भिंगांवरील लेपाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. स्कोपमध्ये असे १० पृष्ठभाग धरले तर अखेरीस जेमतेम ६६ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. उत्तम बहुस्तरीय लेपामुळे प्रत्येक पृष्ठभागावरील हानी अर्ध्या टक्क्यावर आली तर तोच आकडा ९५ टक्के होतो. म्हणून कमी विशालनाचा पण चांगल्या लेपाचा स्कोप हा अधिक विशालनाच्या स्वस्त स्कोपपेक्षा सायंकाळी निश्चितच सरस ठरतो. नेमाची फुलीही अतिशय बारीक नसावी. कडेला जाड व मध्यभागी बारीक अशी फुली मंद प्रकाशात डोळ्याला चटकन सापडते.

६. पराशय आणि लहान रायफल

लहान शिकारीच्या रायफलीसाठी वेगळा स्कोप का लागतो, याचे शास्त्रीय उत्तर पराशयात आहे. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात येतात हे विधान केवळ एका ठरावीक अंतरापुरते खरे असते. त्या अंतराहून लक्ष्य जवळ किंवा दूर असेल तर डोळा किंचित सरकताच फुली लक्ष्यावरून सरकताना दिसते. मोठ्या रायफलीचे स्कोप सामान्यतः १०० यार्ड किंवा त्याहून अधिक अंतरासाठी, तर .२२ रायफलीचे स्कोप सुमारे ५० यार्डांसाठी जुळविलेले असतात.

या चुकीची कमाल मर्यादाही काढता येते. वस्तुभिंगाचा व्यास ४० मिलिमीटर असून स्कोप १०० मीटरसाठी जुळविलेला असेल, तर ३० मीटरवर ही चूक अधिकात अधिक १४ मिलिमीटर होऊ शकते. तोच स्कोप ५० मीटरसाठी जुळविलेला असल्यास ती ८ मिलिमीटरवर येते. सशाच्या डोक्याएवढ्या किंवा कागदी लक्ष्याच्या लहान वर्तुळाएवढ्या लक्ष्याबाबत हा फरक निर्णायक आहे. डार्टच्या बाबतीत मात्र अंतराच्या अंदाजातील चुकीपुढे तो गौण ठरतो. तरीही कमी अंतरावर प्रतिमा पुसट होऊ नये म्हणून डार्ट बंदुकीसाठीही .२२ च्या धर्तीवरील स्कोपच योग्य होय. ज्यात विशालन नसते व केवळ एक लाल ठिपका दिसतो, अशा दर्शनी उपकरणाचाही येथे विचार करण्यासारखा आहे. कारण दोन्ही डोळे उघडे ठेवून ते वापरता येते आणि भोवतालचे भान सुटत नाही.

सरावासाठी एअरगन वापरणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का आधी मागे व लगेच पुढे असा दोन दिशांनी बसतो. मोठ्या रायफलीचा धक्का सहन करणारा स्कोपही या उलटसुलट हिसक्याने बिघडू शकतो. त्यासाठी मुद्दाम घडविलेले स्कोप व पक्की पकड आवश्यक असते. तसेच नेम जुळविण्याच्या चक्रीवरील एक टिचकी १०० यार्डांवर पाव इंच इतका बदल करीत असेल, तर २५ यार्डांवर तोच बदल एक षोडशांश इंच होतो. हे न कळल्याने नवशिके 'स्कोप बिघडला' अशी तक्रार करतात. प्रत्यक्षात त्यांना चौपट टिचक्या द्यायच्या असतात.

७. ओळख : निवडीचा खरा निकष

मार्च-एप्रिलमध्ये गोंडपिपरी परिसरातील कुटुंबे उजाडण्यापूर्वीच मोहाच्या झाडाखाली पोहोचतात. फुले वेचणारा माणूस जमिनीलगत वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो, त्याचे कपडे धुळीच्या रंगाचे असतात आणि तो शांतपणे सरकत असतो. मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या स्त्रियांची हालचालही अशीच झुडुपांच्या उंचीवर असते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करणाऱ्या तीन महिला एकाच वेळी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या, ही घटना या श्रमातील जोखीम दाखवून देते. वाकलेल्या माणसाची आकृती वाघाला फसवू शकते, तशीच ती बंदूकधाऱ्यालाही फसवू शकते, आणि दोघांची वेळही तीच असते.

येथे एक मूलभूत नियम सांगणे आवश्यक आहे. स्कोप बंदुकीवर घट्ट बसविलेला असल्याने त्यातून ज्याकडे पाहावे त्याच्याकडे नळीचे तोंड आपोआप वळते. 'ते काय आहे' हे पाहण्यासाठी स्कोप वापरणे म्हणजे ओळख पटण्यापूर्वीच त्या वस्तूवर बंदूक रोखणे होय. म्हणून शोध आणि ओळख ही कामे स्वतंत्र द्विनेत्री दुर्बिणीने करावीत. ७×५० किंवा ८×४२ प्रकारच्या दुर्बिणीचे निर्गम वर्तुळ अनुक्रमे ७.१ व ५.३ मिलिमीटर असते. संधिप्रकाशासाठी ते पुरेसे आहे. दुर्बिणीने खात्री झाल्यावरच स्कोपला डोळा लावावा, आणि दुर्बिणीतही खात्री होत नसेल तर बंदूक खालीच राहावी. उष्णता टिपणाऱ्या उपकरणांनी हा नियम बदलत नाही. अशा उपकरणात सजीव शरीर उजळ दिसते. परंतु झाडीआड बसलेले शरीर कोणाचे, हे केवळ उष्णतेच्या आकृतीवरून सांगता येतेच असे नाही.

या दृष्टीने पीकसंरक्षणाच्या अन्य मार्गांकडे पाहिल्यास फरक लक्षात येतो. शेताभोवती सोडलेल्या विद्युतप्रवाहाच्या तारेला रानडुक्कर, वाघ, शेजाऱ्याचा बैल आणि शेजारी यांच्यात भेद करता येत नाही. ब्रह्मपुरी परिसरातून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पाकडे सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात अशाच तारेने मरण पावली. तारेत नसलेली निवडक्षमता बंदूकधाऱ्याकडे असते. परंतु अंधारात, अपुऱ्या उपकरणांनी व घाईने झाडलेली गोळी ती निवडक्षमता गमावून तारेच्याच पातळीवर येते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टी-१ ऊर्फ अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न कसा झाला हा वाद चौकशीपर्यंत पोहोचला. त्या प्रकरणाचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. रात्रीचा अंधार, धावती वेळ आणि जनसमूहाचा दबाव एकत्र आले की उपकरणाच्या मर्यादा माणसाच्या मर्यादांत मिसळून जातात, एवढा बोध त्यातून घेता येतो. याउलट ऑक्टोबर २०२० मध्ये राजुरा परिसरातील आर.टी.-१ हा वाघ दीर्घ मोहिमेनंतर जिवंत जेरबंद झाला. संयमाला यश येऊ शकते, हे त्याने दाखविले.

८. हवामान व देखभाल

चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात महिनोन्महिने हवा दमट असते. उन्हात उभ्या वाहनात ठेवलेल्या स्कोपमधील चिकटद्रव्ये व रबरी कडी सैल पडतात. थंड खोलीतून दमट हवेत आणलेल्या साध्या स्कोपच्या आतून वाफ धरते. म्हणून नळीत नायट्रोजन भरून पक्का बंद केलेला स्कोप येथे आवश्यक मानावा. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर पावसाळ्यात धरणारी बुरशी अध्यापकांच्या परिचयाची आहे. तीच बुरशी स्कोपच्या बाह्य भिंगांवरही धरते आणि लेप खाऊन टाकते. सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या पेटीत ठेवणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. वाहनाच्या हादऱ्यांनी नेम ढळत असल्याने प्रत्येक मोहिमेपूर्वी कागदी लक्ष्यावर तपासणी केल्याखेरीज कोणतीही बंदूक जंगलात नेऊ नये.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून स्कोपच्या निवडीचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम उपयोग कायदेशीर आहे काय, हे पाहावे. नसेल तर पुढील प्रश्न उद्भवतच नाही. त्यानंतर ज्या सर्वांत कमी अंतरावर उपकरण वापरावे लागेल ते निश्चित करावे व त्या अंतरावर संपूर्ण लक्ष्य दिसेल एवढे दृष्टिक्षेत्र घ्यावे. मग सर्वांत मंद प्रकाशाचा विचार करून निर्गम वर्तुळ ५ ते ७ मिलिमीटरांपेक्षा कमी होणार नाही असे विशालन निवडावे. गोंडपिपरीसारख्या झाडीच्या प्रदेशात हे दोन्ही निकष २ ते ४ पट विशालनाकडे, फार तर २-७×३२ प्रकारच्या बदलत्या विशालनाच्या स्कोपच्या खालच्या टोकाकडे निर्देश करतात. त्यानंतर कमी अंतरासाठीची पराशय-जुळणी, बहुस्तरीय लेप, ठळक फुली आणि पाण्या-वाफेपासून संरक्षण यांचा क्रम लागतो. सर्वाधिक विशालन, जे दुकानात सर्वप्रथम विचारले जाते, ते या यादीत शेवटी येते.

स्कोपच्या खर्चाआधी द्विनेत्री दुर्बीण आणि अंतरमापक यांचा खर्च व्हावा, आणि या तिन्हींच्या खर्चाआधी सरावाचा वेळ राखून ठेवावा. भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन वनरक्षक, प्राथमिक बचाव पथकातील गावकरी व परवानगीधारक शेतकरी यांच्यासाठी एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण आयोजित केल्यास या भागातील महाविद्यालयांना आपले ज्ञान थेट उपयोगात आणता येईल. निर्गम वर्तुळाचा भागाकार आणि डार्टच्या घसरणीचे समीकरण हे पदवीच्या प्रथम वर्षाच्या आवाक्यातील गणित आहे. जंगलाच्या कडेला ते अचूक मांडले गेले, तर एखाद्या पहाटे मोहाखाली वाकलेले माणूस माणूस म्हणूनच ओळखले जाईल, आणि वाघ जिवंत पिंजऱ्यात जाईल.